वाचायचं, लिहायचं नाही

तपकिरीच्या डब्यातून आणली तिनं डिस्क.
निपाणीतच सुचेल असं कुणाला.
झाकण निघालं आणि मी तीनदा शिंकले,
मग ती शिंकली,
मगच आम्ही एकमेकींची नावं विचारली.

त्रिशला चौगुले. अक्कोळ रोड.
वडील नेमाण्णा : टायपिंग, लग्नपत्रिका,
मराठी-कानडी दोन्ही चालेल.
दुकानाच्या पाटीवर 'चालेल' असंच होतं म्हणे.
"सव्वीस वर्षं बंद हाय. बगता काय?"

साडेआठशे एमबी.
एका वरातीचा व्हिडिओ आज याहून जड भरतो.

घाई करायची नसते.
आधी मऊ ब्रश, फुंकर नाही.
पिना चाळीस, त्यातली एक वाकलेली,
ती सुईनं सरळ केली, श्वास धरून.
मग वीज दिली.
काहीच नाही.
तबकडीला डोकं चिकटून बसलेलं.
गंजल्या कुलपात किल्ली फिरवावी
तसं मनगट एकदाच झटकन वळवलं,
आणि आतून सूं... मग टिक्, टिक्.
त्रिशला म्हणाली, "आप्पांची अंगठी
कीबोर्डवर अशीच वाजायची."

नियम एकच : वाचायचं, लिहायचं नाही.
एक स्वल्पविरामसुद्धा नाही.
जिथं अडखळेल तिथं हट्ट नको,
सोपं आधी उचलायचं, पुढं सरकायचं,
अवघडाकडे रात्री परत यायचं
रस्त्यावरचे ट्रक कमी झाल्यावर.
तिसऱ्या रात्री सगळं उतरलं, चार सेक्टर सोडून.
त्या चारांसाठी आणखी एक रात्र बसले.
नाही आले.

फाइल उघडली तर मराठी नाही, कानडीही नाही,
टिंबं, शेपट्या, मधूनमधून डॉलर.
तो फॉन्ट आता कुणाकडेच नाही.
मग वहीत तक्ता आखला.
डॉलर म्हणजे ळ,
कारण तो 'सकाळी'त येत होता,
सकाळी अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी.
दुसऱ्या दिवशी कानडीचा तक्ता केला,
तर तिथंही ळ त्याच कळीवर.
नेमाण्णांनीच बसवून घेतला असेल,
बोटाला दोनदा शिकायला लागू नये म्हणून.

पण पत्रिका एकच निघाली.
आप्पा जागा वाचवायचे.
नवं लग्न आलं की जुन्या जोडप्यावरच
नवी नावं टाइप करायची, आणि सेव्ह.
शिल्लक राहिले शेवटचे दोघं :
चि. भरतेश, चि. सौ. कां. सुप्रभा.
"माजी पत्रिका बी यातच हुती,"
त्रिशला म्हणाली, आणि डब्याचं झाकण
उगाच लावलं, उघडलं.

मी तिला फाइल संपते त्याच्या पुढं नेलं.
मजकूर आखूड आला तर
उरलेली जागा डिस्क पुसत नाही,
आदल्याचं शेपूट तिथंच पडून राहतं.
तिथं होतं :
'...क्काच्या लग्नाला यायचं हं!
– कु. सम्मेद'

पुढचा अर्धा अक्का गेलेला.
"आमचा सम्मेद तवा तीन वर्षांचा," ती म्हणाली.
मी काही बोलले नाही.
सम्मेद निपाणीत घरटी एक.
तिलाही ते ठाऊक असणारच.
"एवडीच ओळ छापून द्या की."

प्रती दोन करा, म्हटलं, दोन लांबच्या जागी.
एक तिच्या घरी,
दुसरी कागलला नणंदेकडं,
कोगनोळीचा नाका ओलांडून.
"म्हंजे दोन राज्यांत," ती हसली,
"सीमेचा कायतरी उपयोग झाला म्हणायचा."

डबा घेऊन गेली. डिस्क माझ्याकडं ठेवली.
फेकू नका म्हणाली.
चालू पण करू नका.